ऑनलाइन क्लास सोडायचाय? विद्यार्थी आणि पालकांचे नेहमीचे प्रश्न

मोबाइलमधून ॲप उडवलं की क्लास सुटला, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात नोंदणी, पैसे आणि तुमची माहिती ही तिन्ही जागच्या जागी राहतात. तिन्हींतून बाहेर पडायचे रस्ते वेगळे आहेत आणि क्रम चुकला तर पुरावेही हातचे जातात. सोप्यापासून सुरुवात केली आहे: आधी शाळेचं गुगल क्लासरूम, मग युडेमी-कोर्सेरावरचे कोर्स. हप्त्यावर घेतलेल्या कोचिंगला सगळ्यात जास्त जागा दिली आहे, कारण खरी डोकेदुखी तिथेच आहे.

शाळेच्या गुगल क्लासरूममधून बाहेर कसं पडायचं?

क्लासरूमचं मुख्य पान उघडलं की प्रत्येक वर्गाचं एकेक कार्ड दिसतं. कार्डाच्या कोपऱ्यात तीन उभे ठिपके असतात. ते दाबले की 'अनएनरोल' हा पर्याय येतो, पुन्हा एकदा होकार द्यायचा, झालं. वर्ग तुमच्या यादीतून जातो. तुम्ही केलेल्या फाइल्स मात्र तुमच्या गुगल ड्राइव्हमध्ये क्लासरूमच्या फोल्डरमध्ये राहतात. अख्खा वर्ग पुसून टाकणं विद्यार्थ्याच्या हातात नसतं, ते काम शिक्षकांचं.

ठिपके दाबले, पण तो पर्यायच येत नाही.

दोन कारणं असू शकतात. शाळेच्या ॲडमिनने विद्यार्थ्यांना बाहेर पडायची मुभाच बंद ठेवली असेल, म्हणजे फक्त शिक्षक नाव काढू शकतात. किंवा वर्ष संपल्यावर शिक्षकांनी वर्ग 'अर्काइव्ह' केला असेल, म्हणजे बंद करून जुन्या वर्गांत टाकला असेल. अशा वर्गातून स्वतःहून बाहेर पडता येत नाही. दोन्ही वेळा सरांना किंवा मॅडमना एक मेसेज करा, त्यांच्या बाजूने ते मिनिटभराचं काम आहे. आणि वर्गच दिसत नसेल तर आधी वर उजवीकडचं गोल चित्र दाबून बघा. घरात एकाच फोनवर आई-बाबा आणि दोन मुलं अशी चार खाती असतात आणि आपण भलत्याच खात्यात बसून वर्ग शोधत असतो.

चुकून बाहेर पडले. आता?

शिक्षकांकडून वर्गाचा कोड मागा आणि पुन्हा आत या.

शाळा बदलली, तरी आईला जुन्या वर्गाचा मेल येत राहतो.

तो पालकांसाठीचा सारांश असतो. मेलच्या तळाशी तो बंद करायची लिंक असते. शाळेने दिलेलं मेल-खातं मात्र शाळेचं असतं आणि दाखला घेतल्यानंतर ते कधीही बंद होऊ शकतं. प्रोजेक्ट, फोटो, वह्यांचे स्कॅन त्या खात्यात असतील तर आधी स्वतःच्या खात्यात उतरवून घ्या.

युडेमी, कोर्सेरा यांचे कोर्स सोडले तर पैसे परत मिळतात का?

युडेमीवर विकत घेतलेल्या बहुतेक कोर्ससाठी ३० दिवसांची मुदत आहे. मात्र निम्म्याहून अधिक कोर्स बघून झाल्यावर किंवा धडे उतरवून घेतल्यावर परतावा मागितला तर ते नाकारू शकतात. कोर्सेरावर एक खाच आहे आणि पुष्कळ कॉलेजची मुलं तिथे अडकतात. तिथले अनेक कोर्स महिन्याच्या वर्गणीवर चालतात आणि सुरुवातीचे ७ दिवस फुकट असतात. कोर्समधून नाव काढलं म्हणजे वर्गणी थांबली असं होत नाही. वर्गणी खरेद्यांच्या पानावर जाऊन वेगळी रद्द करावी लागते, नाहीतर न बघितलेल्या कोर्सचे पैसे कार्डावरून जात राहतात.

प्ले स्टोअर किंवा ॲप स्टोअरमधून वर्गणी घेतली असेल तर ती तिथल्याच 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये बंद होते. ॲप काढून टाकलं तरी ती चालूच राहते. वडिलांच्या खात्यावरून घेतलेली असेल तर वडिलांच्याच खात्यात शोधा.

स्वयम किंवा एनपीटीईएलचा (सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांचा) कोर्स अर्धवट सोडला तर काही दंड?

शिकणं फुकट आहे, त्यामुळे नुसता कोर्स सोडला तर काही नाही. प्रमाणपत्राची परीक्षा वेगळी असते आणि तिचं शुल्कही वेगळं. ते एकदा भरलं की परत मिळेल अशा आशेवर राहू नका. एक सांभाळा: कॉलेजने तो कोर्स तुमच्या क्रेडिटमध्ये धरला असेल तर आधी कॉलेजच्या समन्वयकांना लेखी कळवा. नाहीतर सत्राच्या शेवटी गुणपत्रिकेत क्रेडिट कमी पडतात आणि मग धावाधाव होते.

विद्यापीठाच्या ऑनलाइन पदवीला प्रवेश घेतलाय. तो रद्द कुठे करायचा?

विद्यापीठाकडे. फोन करणारी, शुल्क घेणारी, 'तुमचा मेंटॉर' म्हणवणारी कंपनी वेगळी असली तरी प्रवेश विद्यापीठाचा असतो. ऑनलाइन आणि दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम असे फ्रँचाइझीने चालवायला परवानगी नाही, असं विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये स्पष्टच सांगितलं होतं. शुल्क परताव्याचे टप्पेही आयोगाने २०१८ मध्ये ठरवून दिले: प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधी रद्द केलं तर पूर्ण शुल्क (थोडं प्रक्रिया शुल्क वजा जाता), मग ९०, ८० आणि ५० टक्के, आणि ती तारीख उलटून ३० दिवसांहून अधिक झाले की शून्य. पुढे काही वर्षांसाठी आयोगाने याहून सवलतीच्या तारखा दिल्या होत्या, म्हणून आपल्या वर्षाचं परिपत्रक बघून घ्या. मूळ गुणपत्रिका अडवून ठेवायचा अधिकार कोणत्याच संस्थेला नाही.

आता मुख्य प्रश्न. डेमो झाला, त्याच संध्याकाळी काउन्सेलरने (म्हणजे क्लासच्या विक्रेत्याने) 'नीट' या वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा दोन वर्षांचा कोर्स गळ्यात मारला. आता नकोय. सुरुवात कुठून करू?

कागदांपासून. फोन नंतर. पावती, कोर्सच्या अटी, तुम्ही ओटीपी देऊन सही केलेला करार, बँकेचे मेसेज आणि काउन्सेलरसोबतचं सगळं व्हॉट्सॲप संभाषण एका फोल्डरमध्ये जमा करा. व्हॉट्सॲप फार महत्त्वाचं. "आवडलं नाही तर महिन्याभरात पूर्ण पैसे परत" असं वाक्य करारात नसतं, ते व्हॉट्सॲपवरच असतं. अटींमध्ये परताव्याची मुदत किती दिवसांची आहे ते शोधा, आणि ती कोणत्या दिवसापासून मोजतात तेही. पैसे भरल्याच्या दिवसापासून, पहिल्या तासापासून की टॅब घरी आल्यापासून? सात दिवसांच्या मुदतीत हा फरक सगळं ठरवतो.

मग मेल लिहा. काउन्सेलरला नव्हे, कंपनीच्या अधिकृत मेलवर, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याला प्रत. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीने असा अधिकारी नेमून त्याचं नाव-पत्ता आपल्या संकेतस्थळावर द्यायचा असतो. त्याने तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात करायचं असतं.

मेलमध्ये नेमकं काय लिहू?

थोडक्यात आणि कोरडं. रागाचे चार परिच्छेद वाचायला तिकडे कुणी बसलेलं नसतं. साधारण असं:

"विषय: नोंदणी रद्द व शुल्क परतावा, विद्यार्थी क्रमांक अमुक.
माझ्या मुलीसाठी दि. अमुक रोजी आपला अमुक कोर्स घेतला. एकूण शुल्क रु. अमुक, त्यापैकी आजवर रु. अमुक भरले आहेत. आजपर्यंत इतके तास झाले आहेत. मी आज, दि. अमुक, ही नोंदणी रद्द करीत आहे. वापरलेल्या काळाचे शुल्क वजा करून उरलेली रक्कम परत करावी. या कोर्ससाठी अमुक वित्त कंपनीचे कर्ज असल्याने ती रक्कम थेट त्यांना देऊन कर्ज बंद झाल्याचे पत्र मला पाठवावे. टॅब व पुस्तके परत नेण्याची व्यवस्था कळवावी. यापुढील उत्तर फोनवर न देता याच मेलवर द्यावे."

मुदतीच्या आत असाल तर "वापरलेल्या काळाचे वजा करून" हे शब्द काढा आणि पूर्ण रक्कम मागा. इंग्रजी जमत असेल तर इंग्रजीत लिहा, कारण उत्तर देणारा बेंगळुरू किंवा नोएडात बसलेला असण्याचीच शक्यता जास्त. नसेल जमत तर मराठीत बिनधास्त पाठवा, फक्त तारखा आणि रकमा ठळक असू द्या.

मेल पाठवल्यापासून रोज फोन येतात. "सर, मुलीच्या भवितव्याचा प्रश्न आहे, तुम्ही तिचं स्वप्न मोडताय."

येणारच. काउन्सेलर माणूस म्हणून वाईट असतो असं नाही, पण रद्द झालेली नोंदणी त्याच्या टार्गेटमधून वजा होते. लाज वाटायला लावून ग्राहकाला थांबवणं याला सरकारने नियमांत पकडलं आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न', म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या ऑनलाइन क्लृप्त्या, रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात १३ प्रकार आहेत. ग्राहकाला अपराधी वाटायला लावणं हा एक, सारखं टोचत राहणं हा दुसरा. आणि आपल्या कामाचा तिसरा म्हणजे वर्गणीचा सापळा: रद्द करायचा पर्याय लपवून ठेवणं, ती प्रक्रिया मुद्दाम किचकट करणं, फुकट चाचणीसाठी आधीच कार्डाचा तपशील मागणं. नोंदणी दोन क्लिकमध्ये होते आणि रद्द करायला मात्र 'रिटेन्शन टीम'च्या (ग्राहकाला थांबवून धरणाऱ्या टीमच्या) तीन फोनची वाट पाहावी लागते, तेव्हा तक्रारीत 'वर्गणीचा सापळा' हा शब्द वापरा.

फोन उचललात तर एवढंच म्हणा: "मेल केलाय, मेलवर उत्तर द्या." वाद घालू नका. आणि ओटीपी कुणालाही सांगू नका. "रद्द करण्यासाठी ओटीपी आलाय, सांगा" असं म्हणून नवा करार किंवा मुदतवाढ मंजूर करून घेण्याची भीती असते. मेसेजमध्ये तो ओटीपी कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं, आधी ते वाचा.

ते म्हणतात, रद्द करू नका, कोर्स 'पॉज' करा किंवा पुढच्या बॅचला टाकतो.

मुलाला खरंच पुढच्या वर्षी शिकायचं असेल तरच हो म्हणा, तेही मेलवर लिहून घेऊन. नाहीतर पॉजच्या काळात परताव्याची मुदत निघून जाते आणि हप्ते मात्र थांबत नाहीत.

माझा हप्ता म्हणजे कर्ज आहे का? मी तर कर्ज घेतलंच नाही.

बहुधा घेतलंय, फक्त तुम्हाला तसं सांगितलेलं नाही. पालकांच्या तोंडचं सगळ्यात नेहमीचं वाक्य हेच असतं. "नो कॉस्ट ईएमआय आहे" असं म्हणून पॅन, आधार, सेल्फी आणि दोन ओटीपी घेतले असतील, तर ते वित्त कंपनीचं कर्ज समजा. करारात एखाद्या बँकेचं किंवा बिगरबँक वित्त कंपनीचं नाव शोधा. नाव सापडत नसेल तर आपला क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावरच्या कर्जांची नोंद, काढा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कर्ज असेल तर तिथे दिसेलच.

व्यवहार असा असतो: शेजाऱ्याने तुमच्या वतीने दुकानदाराचं बिल चुकतं केलं, आता तुम्ही माल परत केलात तरी शेजाऱ्याचे पैसे तुमच्याकडे बाकीच. क्लासला त्याचे पैसे बहुतेक पहिल्याच आठवड्यात मिळून गेलेले असतात. म्हणून "आम्ही तुमची नोंदणी रद्द केली" एवढा मेल आला की सुटलो असं समजू नका. क्लासने वित्त कंपनीला रक्कम परत करायची, वित्त कंपनीने कर्जखातं बंद करायचं आणि तुम्हाला 'नो ड्यूज'चं, म्हणजे काही बाकी नसल्याचं, पत्र द्यायचं. ते पत्र हातात येईपर्यंत दर महिन्याच्या हप्त्याच्या तारखेला खात्यावर लक्ष ठेवा. पुढे दोनेक महिन्यांनी क्रेडिट रिपोर्टमध्ये ते खातं 'क्लोज्ड' दिसतंय का, तेही बघा.

कालच कर्ज मंजूर झालं. आज मन बदललं.

मग आजच हालचाल करा. डिजिटल कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने 'कूलिंग ऑफ'ची सोय सक्तीची केली आहे: ठरलेल्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च देऊन कर्जातून बाहेर पडता येतं आणि त्यासाठी दंड लावता येत नाही. मुदत कर्ज देणारी संस्था ठरवते, ती किमान एक दिवसाची असते. करारासोबतच्या 'की फॅक्ट स्टेटमेंट'मध्ये (कर्जाच्या मुख्य अटींच्या पानावर) ती लिहिलेली असते, एकूण व्याजाचा दरही तिथेच. हे पान मिळालंच नसेल तर ती स्वतंत्र तक्रार होते.

बँकेत जाऊन ऑटो-डेबिट बंद करून टाकू का?

कशाचं आहे त्यावर अवलंबून. नुसती मासिक वर्गणी असेल, कर्ज नसेल, तर रद्द केल्याचा मेल पाठवून लगेच बंद करा. यूपीआय ऑटोपे असेल तर ज्या ॲपमधून ते सुरू केलं त्यातच मँडेटची (पैसे आपोआप कापायला तुम्ही दिलेल्या परवानग्यांची) यादी असते, तिथे रद्द करून पिन टाकायचा. कार्डावर असेल तर पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने मेसेज पाठवायचा असतो आणि त्यातून तो व्यवहार किंवा अख्खं मँडेट नाकारायची सोय असते. म्हणून ते मेसेज न वाचता पुसू नका. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने २३ डिसेंबर २०२१ च्या सूचनेत एड-टेक (ऑनलाइन शिक्षण विकणाऱ्या) कंपन्यांच्या बाबतीत ऑटो-डेबिटचा पर्याय टाळा, असं पालकांना सांगितलंच होतं.

कर्ज असेल तर गोष्ट वेगळी. बँकेतल्या खात्यावरचं 'नाच' (NACH, हप्ता आपोआप कापण्याची बँकांची यंत्रणा) मँडेट बँकेला लेखी देऊन रद्द करता येतं, पण त्याने कर्ज मिटत नाही. हप्ता थकला की दंड लागतो, क्रेडिट स्कोअर घसरतो आणि दोन वर्षांनी घरकर्ज मागायला गेलात की मॅनेजर हाच क्लास उकरून काढतो. खात्यात पैसे नसल्यामुळे डेबिट परत गेलं, तर चेक न वटल्यासारखी फौजदारी तरतूद पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टम्स कायद्याच्या कलम २५ मध्ये आहे. माझं मत विचाराल तर, क्लासशी वाद चालू असताना शक्य असेल तितके हप्ते 'हरकत नोंदवून' भरत राहा आणि ते परताव्यात मागा. पैशाची ओढाताण असेल तर वित्त कंपनीलाच लेखी कळवा की सेवा रद्द केली आहे, क्लासकडून रक्कम वसूल करा. त्यांचा आणि क्लासचा आपसात करार असतो, आणि वित्त कंपनीने विचारलं की क्लास जरा लवकर हलतो.

वसुलीवाले सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू शकत नाहीत, नातेवाईकांना फोन करून बदनामीही करू शकत नाहीत. वित्त कंपनीने तक्रारीला ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन आणि विनाशुल्क जाता येतं. माहितीसाठी त्यांचा १४४४८ हा क्रमांक आहे.

अटींमध्ये 'कोणत्याही परिस्थितीत परतावा नाही' असं लिहिलंय. मग संपलंच ना?

नाही. पण पूर्ण पैसे मिळतीलच, असंही कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. नुसतं मन बदललं आणि मुदत उलटली असेल, तर उरलेल्या काळाचे पैसे मागणं हीच रास्त भूमिका ठरते. शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या कोचिंग सेंटरविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत तेच म्हटलं आहे: विद्यार्थ्याने मध्येच क्लास सोडला तर उरलेल्या काळाचं शुल्क प्रमाणात, १० दिवसांत परत करावं. ही तत्त्वं राज्यांनी आपापल्या पातळीवर अमलात आणायची आहेत आणि ती मुख्यतः जागेवर चालणाऱ्या क्लासना डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत, त्यामुळे ऑनलाइन कंपनीला ती कायदा म्हणून दाखवता येणार नाहीत. रास्त काय, याचा दाखला म्हणून मात्र मेलमध्ये जरूर लिहा.

सांगितलं एक आणि दिलं दुसरं, असं झालं असेल तर तुमची बाजू बळकट असते. ठरलेले शिक्षक बदलले, 'लाइव्ह' म्हणून रेकॉर्डिंग दाखवलं, मराठी किंवा सेमी माध्यमाची बॅच सांगून हिंदीत बसवलं, शंकासमाधान नावालाच. अशा गोष्टी तारखेसह टिपून ठेवा. कंपनी कदाचित म्हणेल की शिक्षण ही ग्राहक कायद्याखाली सेवा नाही. शाळा-विद्यापीठांच्या बाबतीत त्या मुद्द्यावर वाद आहे, पण कोचिंग क्लासना ती ढाल मिळत नाही, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० च्या मनू सोळंकी प्रकरणात म्हटलं आहे.

महिना झाला, उत्तर नाही. आता कुणाकडे?

पहिली पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. मराठीत बोलता येतं. ते कंपनीकडे तक्रार पाठवतात आणि मध्ये पडतात. निकाल देण्याचा अधिकार त्यांना नाही, तरी मोठ्या कंपन्यांची बरीच प्रकरणं इथेच मिटतात. तक्रार क्रमांक जपून ठेवा.

तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. लोक इथे उगाच बिचकतात. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या आयोगात तक्रार दाखल करता येते. म्हणजे कंपनीचं ऑफिस बेंगळुरूत असलं तरी लातूरच्या पालकाने लातूरलाच अर्ज करायचा, आणि यायचं असेल तर कंपनीच्या वकिलाने लातूरला यायचं. भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते आणि सुनावणी व्हिडिओवर घ्यावी अशी विनंतीही करता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. तक्रारीत क्लास आणि वित्त कंपनी दोघांनाही पक्षकार करा, एकाला वगळलं तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मजकूर जमत नसेल तर जवळच्या ग्राहक पंचायतीत जा, तिथे कार्यकर्ते कागद बघून देतात.

तारखा पडतात, वेळ लागतो, हे खरं. पण नोटीस पोहोचल्यावर कंपनीकडून तडजोडीचा फोन येण्याची शक्यता बरीच असते. त्या वेळीही सगळं लेखी, आणि पैसे खात्यात जमा होईपर्यंत तक्रार मागे घ्यायची नाही.

कंपनीच दिवाळखोरीत गेली तर?

बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या ब्रँडच्या पालक कंपनीच्या बाबतीत हे झालं. १६ जुलै २०२४ ला राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या बेंगळुरू खंडपीठाने तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली. अशी प्रक्रिया सुरू झाली की कंपनीविरुद्धचे दावे आणि वसुली थांबवली जाते, ग्राहक आयोगातलं प्रकरणही अडकतं. मग दाव्याचा अर्ज दिवाळखोरी व्यावसायिकाकडे (ही प्रक्रिया चालवायला नेमलेल्या माणसाकडे), त्याने जाहीर केलेल्या मुदतीत करायचा. रांगेत बँका पुढे असतात, त्यामुळे फार आशा ठेवू नका. वित्त कंपनीचं कर्ज मात्र तुमच्या नावावर तसंच चालू राहतं, तिकडे वेगळी तक्रार चालवावी लागते.

टॅब आणि पुस्तकं आली आहेत. कुरिअरने पाठवून देऊ का?

कंपनीने मेलवर पत्ता किंवा पिकअपची तारीख दिल्याशिवाय नाही. देताना खोक्यासह सगळ्याचे फोटो काढा, टॅब चालू करून त्याचा छोटा व्हिडिओ घ्या, आपलं खातं काढून फॅक्टरी रीसेट करा आणि नेणाऱ्याकडून सही-तारखेची पावती घ्या. मुलाने त्यावर कार्टून बघायला सुरुवात केली असेल तर तेही थांबवा.

मुलाने स्वतःच आपल्या नावावर घेतलाय.

वय १८ च्या आत असेल तर त्याच्याशी केलेला करार आपल्या कायद्याने मुळात टिकतच नाही, हे मेलच्या पहिल्याच ओळीत लिहा आणि जन्मतारखेचा पुरावा जोडा. १८ पूर्ण असतील तर तो सज्ञान ग्राहक. मेल, तक्रार, सही सगळं त्याच्याच नावाने करावं लागेल. पुण्यात-संभाजीनगरात होस्टेलवर राहणाऱ्या मुलांनी कोडिंगचे कोर्स असे कर्जावर घेतलेले असतात आणि घरी पत्ता नसतो. रागवायचं ते नंतर रागवा, आधी कूलिंग ऑफची तारीख बघा.

खातं कायमचं पुसून टाकायचंय. कधी?

सगळ्यात शेवटी. पैसे परत आले, नो ड्यूज मिळालं, मग. खातं पुसलं की हजेरी, किती तास झाले त्याची नोंद, पावत्या, चॅट सगळं तुमच्या बाजूने गेलं. कंपनीकडे मात्र ते असतंच. आधी सगळ्या पानांचे स्क्रीनशॉट घ्या. नंतर खातं आणि माहिती पुसण्याची विनंती मेलवरच करा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात माहिती पुसून मागण्याचा हक्क आहे आणि १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण कंपन्यांवरची मुख्य बंधनं टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत.

विक्रीचे फोन थांबत नसतील तर १९०९ वर डीएनडी (जाहिरातीचे फोन नकोत अशी नोंद) नोंदवा. तुम्ही पूर्वी दिलेल्या संमतीचा आधार घेऊन फोन करत असतील, तर "संमती मागे घेत आहे" हे वाक्य त्या शेवटच्या मेलमध्ये घाला.

क्लास सोडला तर नीट, जेईई किंवा सीईटीच्या अर्जावर परिणाम होईल का?

क्लासचा आणि या परीक्षांचा काही संबंध नाही. नीट आणि जेईई मेनचे अर्ज राष्ट्रीय परीक्षा संस्था घेते, एमएचटी-सीईटीचा आपल्या राज्याचा सीईटी कक्ष. "क्लास सोडलात तर फॉर्म बाद होईल" असं कुणी म्हणत असेल तर ते खोटं आहे. पण अर्ज क्लासच्या माणसाने भरून दिला असेल तर आजच तपासा: त्यात मोबाइल नंबर आणि ई-मेल कुणाचा आहे? ओटीपी त्याच नंबरवर जातो आणि पुढचं प्रवेशपत्र, निकाल, कॅप राउंडचे (प्रवेशफेऱ्यांचे) पर्याय सगळं त्या लॉगिनवर चालतं. नंबर तुमचा असेल तर पासवर्ड बदला. क्लासचा असेल तर दुरुस्तीची खिडकी उघडी असेपर्यंत बदलता येतो का ते बघा, नाहीतर परीक्षा संस्थेच्या हेल्पडेस्कला ओळखपत्र जोडून लिहा. काउन्सेलरचा नंबर ब्लॉक करायचा तो यानंतर.